ग्राहकाला विकलेल्या प्रिंटवर सही करावी का? पुण्यातील नव्या छायाचित्रकारांसाठी मार्गदर्शक

पुण्यात छायाचित्रणाचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्यांना कॅमेरा, लेन्स आणि एडिटिंग यांविषयी सांगणारे पुष्कळ जण भेटतात; परंतु पहिली मोठी प्रिंट लॅबमधून हातात आली, की तिच्यावर सही करायची की नाही, करायची तर कोठे आणि कशाने, हे सांगणारे सहसा कोणी नसते. मीही कोणाला विचारले नव्हते. सदाशिव पेठेतील एका कुटुंबासाठी मी त्यांच्या आजींचे १६ × २४ इंचांचे व्यक्तिचित्र काढले होते. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड, नऊवारी नेसून बसलेल्या आजी आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात त्यांच्या जांभळ्या पदराचा गडद पट्टा, अशी ती चौकट होती. त्या गडद भागावर सोनेरी मार्कर उठून दिसेल, एवढाच विचार करून मी तेथे सही केली. आजींचे चिरंजीव प्रिंटकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "फोटो फार सुंदर आलाय, पण आईच्या पदरावर तुमचं नाव आलंय हो." मी दुसरी प्रिंट स्वखर्चाने काढून दिली.

त्यानंतर मी प्रत्येक कागदावर, प्रत्येक पेनाने सही करून पाहिली, फ्रेम करणाऱ्यांशी बोललो आणि कायद्यातील संबंधित कलमे वाचून काढली. माझे मत असे आहे की छायाचित्रकाराने सही अवश्य करावी. मात्र कोणत्या प्रिंटवर समोर, कोणत्या प्रिंटवर मागे आणि कोणत्या प्रिंटवर अजिबात नाही, हे प्रिंट काढण्यापूर्वीच ठरलेले असावे. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

१. प्रिंट कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवा

पहिला प्रकार तुमच्या स्वतःच्या कामाचा. दिवेघाटातून वर चढणारी पालखी, सिंहगडावरचे धुके, कसबा पेठेतील वाड्याचा दिंडी दरवाजा, लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणूक अशी जी छायाचित्रे कोणी न सांगता तुम्ही काढली आणि नंतर विकली, त्यांच्यावर समोरच्या बाजूस, पांढऱ्या बॉर्डरमध्ये सही करावी. घेणारा येथे तुमची दृष्टी विकत घेत असतो आणि त्याला ती सही हवीच असते.

दुसरा प्रकार ग्राहकाने सांगून काढून घेतलेल्या छायाचित्रांचा, म्हणजे आई-वडिलांचे व्यक्तिचित्र, बाळाचे पहिले मोठे छायाचित्र किंवा साठीशांतीच्या दिवशीचा कुटुंबाचा फोटो. त्यांवर सही मागच्या बाजूस असावी आणि ग्राहकाने आपणहून मागितली तरच ती समोरच्या बॉर्डरवर यावी. ते चित्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत, कदाचित देवघराशेजारी, पुढची ३०-४० वर्षे लागलेले असणार आहे. तेथे पाहणाऱ्याची नजर प्रथम चेहऱ्यावर जावी.

तिसरा प्रकार म्हणजे पासपोर्ट फोटो, समारंभाच्या ४ × ६ इंची प्रिंट्स, उत्पादनांची छायाचित्रे आणि लग्नाचे करिश्मा अल्बम (ज्यांच्या पानांवरच छायाचित्रे छापलेली असतात). यांवर हाताने सही करू नये. अल्बममध्ये अखेरच्या पानावर तळाशी लहान अक्षरांत स्टुडिओचे नाव पुरेसे होते. लग्नाला दोन-तीन छायाचित्रकार असतात, त्यामुळे कोणते छायाचित्र कोणाचे, हे अल्बममध्ये एका सहीने सांगणे योग्यही ठरत नाही. दुसऱ्याच्या स्टुडिओसाठी रोजावर काम करत असाल, तर त्या प्रिंटवर स्वतःची सही करण्याचा विषय आधी त्या स्टुडिओच्या मालकांशी बोलून मिटवा.

२. सही आणि स्वामित्वहक्क यांची गल्लत करू नका

नव्या छायाचित्रकारांचा सर्वांत मोठा गैरसमज येथे असतो. सही केली म्हणजे हक्क आपला झाला आणि सही नाही म्हणजे हक्क गेला, ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. भारतातील कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क निर्माण होण्यासाठी सही लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. कलाकृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. तो कोणाचा, हे कलम १७ ठरवते. कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याचा प्रथम स्वामित्वहक्क काम सांगणाऱ्या व्यक्तीकडे जातो. म्हणजे आजींच्या व्यक्तिचित्राचे पैसे कुटुंबाने दिले आणि आपण काहीच लिहून घेतले नाही, तर हक्क कुटुंबाचा असतो, मग प्रिंटवर आपली सही कितीही ठळक असो. ते छायाचित्र प्रदर्शनात लावायचे असेल किंवा त्याची प्रत विकायची असेल, तर त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागते.

याउलट, स्वतःच्या कामाची प्रिंट विकली म्हणजे हक्क विकला असे होत नाही. हक्काचे हस्तांतर व्हायचे तर कलम १९ नुसार ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी व्हावे लागते. घेणारा भिंतीवर लावण्याची एक प्रत घेतो. ती स्कॅन करून कॅलेंडर छापण्याची मुभा त्याला मिळत नाही. ही गोष्ट पावतीवर एका ओळीत लिहावी, कारण तोंडी सांगितलेले दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही.

मग सहीचा कायद्याच्या दृष्टीने उपयोग काय? हक्क कोणाकडेही असला, तरी छायाचित्र काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती असते, आणि कलम ५७ नुसार कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, तसेच आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा तिचा अधिकार, स्वामित्वहक्क हस्तांतरित केल्यावरही, राहतो. याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की, कलाकृती लावली नाही किंवा कर्त्याच्या मनासारखी लावली नाही, एवढ्याने या अधिकाराचा भंग होत नाही. त्यामुळे ग्राहकाने तुमची प्रिंट माळ्यावर ठेवली, तर वाईट वाटू शकते, तक्रार करता येत नाही. कलम ५५ मधील तरतूद तर सहीच्या थेट बाजूने आहे: कलाकृती तयार झाली तेव्हा तिच्यावर, किंवा प्रकाशित प्रतींवर, कर्ता म्हणून ज्याचे नाव आहे, तोच कर्ता आहे असे हक्कभंगाच्या दाव्यात गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर येते.

३. काम ठरवतानाच विचारा आणि लिहून ठेवा

सहीबद्दल विचारण्याची योग्य वेळ म्हणजे दरपत्रक देताना. प्रिंट फ्रेम होऊन आल्यावर विचारले, तर ग्राहकाला नाही म्हणणे अवघड जाते आणि तो मनात नाराज राहतो. मी दरपत्रकाच्या शेवटी पुढील मजकूर टाकतो. तो हवा तसा बदलून घ्यावा:

"प्रिंटच्या मागील बाजूस छायाचित्रकाराचे नाव, सही व दिनांक असेल. समोरील पांढऱ्या बॉर्डरवर सही हवी असल्यास प्रिंट काढण्यापूर्वी कळवावे. चित्राच्या भागावर कोणतीही सही अथवा चिन्ह नसेल. हे छायाचित्र छायाचित्रकाराने आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्यास ग्राहकाची संमती आहे / नाही."

शेवटच्या वाक्यातील एक शब्द ग्राहकाकडून खोडून घ्यावा आणि खाली त्यांची सही घ्यावी. तोंडी बोलताना "काकू, मागे माझं नाव लिहितो, पुढून काही दिसणार नाही" एवढे सांगितले, की बहुतेकांचा चेहरा मोकळा होतो. काही जण मग स्वतःच म्हणतात, की नाव पुढेच असू द्या.

४. लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

साहित्य फारसे महाग नाही आणि त्यातील बहुतेक वस्तू अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील चित्रकला साहित्याच्या दुकानांत मिळतात.

- एचबी आणि २बी पेन्सिली, चांगल्या टोक केलेल्या
- काळ्या पिगमेंट शाईचे (म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईचे), आम्लविरहित असे लिहिलेले ०.३ आणि ०.५ मि.मी.चे पेन
- प्लॅस्टिकवर चालणारे बारीक टोकाचे मार्कर, केवळ मागच्या बाजूसाठी
- सुती हातमोजे आणि हाताखाली ठेवायला कोरा, स्वच्छ कागद
- ज्या कागदावर प्रिंट काढली, त्याच कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या
- आम्लविरहित लेबले

कागदपत्रांमध्ये ग्राहकाच्या सहीचे दरपत्रक, पावतीची प्रत, मर्यादित (ठरावीक संख्येच्याच) प्रती विकत असाल तर प्रतीचे प्रमाणपत्र आणि या सर्वांची नोंद असलेली एक वही लागते. लॅबवाल्याकडून पट्ट्या मागून घेण्यास संकोच करू नये. त्या फेकल्याच जातात आणि आपली प्रिंट मात्र त्यांच्यामुळे वाचते.

५. सहीसाठी जागा फाइलमध्येच तयार करा

सही चित्रावर यायची नसेल, तर चित्राभोवती कोरा कागद हवा, आणि तो लॅबमध्ये आपोआप मिळत नाही. १६ × २४ इंचांच्या कागदावर सगळीकडून एकेक इंच सोडला, तर आतील चौकट १४ × २२ होते आणि कॅमेऱ्याचे २:३ चे प्रमाण मोडते. मग चौकट भरण्यासाठी उभ्या चित्राच्या डाव्या-उजव्या कडा कापल्या जातात. त्याऐवजी उभ्या प्रिंटमध्ये चित्र १४ × २१ इंच ठेवावे. दोन्ही बाजूंना एकेक इंच आणि वर-खाली दीड-दीड इंच कोरी जागा मिळते. खालचा दीड इंच सहीला पुरतो आणि प्रमाणही अबाधित राहते.

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास (चित्राभोवतीची जागा) मोठा करून ही पांढरी बॉर्डर फाइलमध्येच टाकून द्यावी आणि लॅबला लेखी कळवावे, की फाइल आहे त्याच आकारात छापायची आहे, क्रॉप करायची नाही आणि बॉर्डर कापायची नाही. हे न सांगितल्यास पांढरा भाग चुकून राहिला असे समजून ऑपरेटर तो कापून टाकतो. माझ्या दोन प्रिंट्स अशा गेल्या आहेत. पहिल्यांदा एखाद्या लॅबकडे काम देत असाल, तर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन स्वतः जावे आणि ऑपरेटरशेजारी उभे राहून एक प्रिंट काढून घ्यावी.

काही जण सहीचे स्कॅन फाइलमध्येच टाकतात. त्याने वेळ वाचतो, पण सर्व प्रतींवर तंतोतंत एकच सही छापली जाते आणि घेणाऱ्याला ती छापील आहे हे लगेच कळते. मला तो मार्ग पटत नाही. त्यापेक्षा लहान अक्षरांत छापलेले नाव प्रामाणिक दिसते. जुन्या वाड्यांमध्ये जे तपकिरी फोटो दिसतात, त्यांच्या जाड पुठ्ठ्यावर खालच्या कडेला स्टुडिओचे नाव उठावाने किंवा छापून आलेले असते. ते चित्राच्या आड येत नाही आणि शोधणाऱ्याला सापडते.

६. कागदानुसार पेन निवडा

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे घाई करू नये.

साध्या लॅबमधून येणारे लस्टर, ग्लॉसी आणि सिल्क हे सर्व रेझिनचा थर असलेले कागद आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे पेन्सिल घसरते आणि साधी शाई वर तरंगत राहते. समोरच्या बाजूस ०.५ मि.मी.चे पिगमेंट शाईचे पेन वापरावे आणि आधी त्याच कागदाच्या उरलेल्या पट्टीवर सही करून पाहावी. काही ग्लॉसी कागदांवर तेही दुसऱ्या दिवशी बोटाने पुसले जाते. तसे झाले, तर समोर सही न करणेच योग्य.

कॉटन रॅगसारख्या (कापसाच्या तंतूंपासून बनवलेल्या) मॅट कागदावर, ज्यावर इंकजेटने पिगमेंट प्रिंट काढतात, पेन्सिल हेच सर्वोत्तम साधन आहे. ग्राफाइट म्हणजे कार्बन. ते फिके पडत नाही आणि कागदात पसरत नाही. दुसरे कारण असे की कागदावर पेन्सिलीने उमटलेली रेघ यंत्राने छापलेल्या रेघेहून वेगळी ओळखू येते. प्रिंट लगेच सही करायला घेऊ नये. पिगमेंट शाई पूर्ण वाळण्यासाठी एक दिवस मोकळी ठेवावी आणि जुलै-ऑगस्टमध्ये, हवेत ओल असताना, आणखी एक दिवस द्यावा.

कॅनव्हासच्या कापडावर काढलेल्या प्रिंटला बॉर्डर नसते, कारण कडा लाकडी चौकटीवर दुमडल्या जातात. तेथे मागच्या लाकडी पट्टीवर किंवा दुमडलेल्या कडेवर सही करावी. प्रिंटला लॅमिनेशन करायचे असेल, तर सही लॅमिनेशनच्या आधी, पूर्ण वाळवून करावी. उष्णतेने शाई फुटते का, हे पट्टीवर आधी पाहून घ्यावे.

दोन साधने कधीच वापरू नयेत. बॉलपेनचा दाब कागदावर खोल उमटतो आणि मागून केलेली सही पुढून, तिरप्या उजेडात, चेहऱ्यावरच्या व्रणासारखी दिसते. बाजारातील नेहमीचे जाड परमनंट मार्कर रसायनात विरघळलेल्या शाईचे असतात. काही वर्षांनी अक्षरांभोवती पिवळसर वलय येते. माझ्याकडे एका जुन्या प्रिंटवर नावाच्या प्रत्येक अक्षराला असे वलय आले आहे आणि ते वरच्या प्रतिमेकडे सरकत चालले आहे. नव्या मुलांना मी ती प्रिंट हातात देऊन दाखवतो.

७. प्रत्यक्ष सही करताना

टेबल पुसून घ्यावे, हातमोजे घालावेत, तळहाताखाली कोरा कागद ठेवावा आणि पट्टीवर पाच-सहा वेळा सही करून हात सैल करावा. सही उजवीकडे खाली, चित्राच्या कडेपासून साधारण पाव इंच अंतरावर असावी. १६ × २४ इंचांच्या प्रिंटवर माझी सही दीड ते दोन इंच लांब असते; त्याहून मोठी झाली, की ती चित्राशी स्पर्धा करू लागते.

बँकेत, धनादेशावर किंवा करारावर जी सही करता, ती प्रिंटवर कधीही करू नका. प्रिंट अनोळखी घरांत जाते, तिचे फोटो काढले जातात आणि तुमच्या आर्थिक व्यवहारांची सही त्याबरोबर सर्वत्र फिरते. प्रिंटसाठी वेगळी, वाचता येईल अशी सही ठरवावी, देवनागरीत की रोमनमध्ये हे एकदा ठरवावे आणि पुढे बदलू नये. मी देवनागरीत करतो. पन्नास वर्षांनी एखाद्या घरातील कोणी फ्रेम खाली उतरवली, तर त्याला नाव वाचता आले पाहिजे.

वर्ष लिहायचे असेल, तर ते छायाचित्र काढल्याचे लिहावे. २०१५ च्या वारीचे छायाचित्र आज छापले, तरी समोर २०१५ च येते. प्रिंट काढल्याचे वर्ष मागे जाते.

८. मागची बाजू

माझ्या मते प्रत्येक मोठ्या प्रिंटची मागची बाजू लिहिलेली असावी, समोर सही असो वा नसो. पूर्ण नाव, सही, छायाचित्रातील व्यक्तींची किंवा स्थळाची नोंद, छायाचित्राची आणि प्रिंटची तारीख व कागदाचा प्रकार एवढे पुरते. हे खालच्या कडेजवळ, बॉर्डरच्या पाठीमागे लिहावे. चेहऱ्याच्या पाठीमागे कधीही नाही. मागून लिहिताना प्रिंट मऊ गादीवर न ठेवता कडक, सपाट पृष्ठभागावर, स्वच्छ कागद अंथरून ठेवावी.

रेझिनच्या कागदाची पाठ शाई शोषत नाही. लिहून लगेच प्रिंट्स एकावर एक रचल्या, तर एकीच्या पाठीवरची शाई दुसरीच्या चेहऱ्यावर उमटते. किमान काही तास त्या वेगळ्या ठेवाव्यात.

९. मर्यादित प्रती विकत असाल तर

स्वतःच्या कामाच्या ठरावीक प्रतीच विकायच्या असतील, तर खाली डावीकडे ३/१० असा क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही, ही रीत आहे. ३/१० याचा अर्थ दहापैकी तिसरी प्रत. एकदा दहा जाहीर केल्या, की अकरावी काढता येत नाही, मागणी कितीही आली तरी. आणि वेगळ्या आकारात आणखी प्रती काढणार असाल, तर ते पहिली प्रत विकतानाच घेणाऱ्याला सांगितले पाहिजे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी या वाटेला घाईने जाऊ नये. बालगंधर्व कलादालनात पहिले प्रदर्शन भरवताना सगळ्याच चित्रांवर १/५ लिहून ठेवण्याचा मोह होतो, पण तो शब्द आयुष्यभर पाळावा लागतो. नुसती सही पुरेशी असते.

१०. फ्रेम करणाऱ्याला लिहून द्या

इतकी काळजी घेतलेली सही अखेरच्या टप्प्यात नाहीशी होऊ शकते. फ्रेमवाले माउंटची (चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याची) खिडकी नेहमीच्या सवयीने चित्राच्या कडेवर अर्धा सेंटिमीटर चढवून कापतात आणि सही माउंटखाली जाते. त्यांना आकृती काढून द्यावी: चित्राभोवती तीन बाजूंना पाव इंच आणि खाली पाऊण ते एक इंच पांढरा कागद दिसला पाहिजे. माउंटवर सही करून हा प्रश्न सोडवू नका, कारण पावसाळ्यात माउंटला बुरशी आली की तो बदलला जातो आणि सही कचऱ्यात जाते.

दुसरा धोका चिकटवण्याचा. प्रिंट सपाट राहावी म्हणून ती सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पत्र्यावर) किंवा एमडीएफवर (दाबून केलेल्या लाकडी फळीवर) पूर्ण चिकटवली जाते आणि पाठीवरचा सगळा मजकूर कायमचा झाकला जातो. ग्राहकाला तसेच हवे असेल, तर तोच मजकूर आम्लविरहित लेबलवर लिहून फ्रेमच्या पाठीला लावावा आणि वहीत तशी नोंद करावी. वहीत प्रत्येक प्रिंटसाठी एक ओळ पुरते: फाइलचा क्रमांक, आकार, कागद, सही कोठे, कोणाला दिली, तारीख.

११. ग्राहक नंतर सही मागायला आला तर

हे अनेकदा घडते. फ्रेम भिंतीवर लागून वर्ष होते, पाहुणे कोणी काढला म्हणून विचारतात आणि मग काका फ्रेम रिक्षातून घेऊन येतात. अशा वेळी काचेवर किंवा लाकडी फ्रेमवर सही करू नये, आणि फ्रेम घाईने स्वतः उघडूही नये. ओलीने प्रिंट काचेला चिकटलेली असेल, तर ओढताना वरचा थर निघून येतो. फ्रेमवाल्याकडे पाठीमागची टेप काढून घ्यावी, प्रिंट मोकळी आहे का ते पाहावे आणि मोकळी असेल, तर पाठीवर किंवा सोडलेल्या बॉर्डरवर सही करून आजची तारीख वेगळी लिहावी. चिकटलेली असेल, तर तिला हात लावू नये. लेबल लिहून द्यावे आणि फ्रेमच्या पाठीला, खाली उजवीकडे, त्यांच्यासमोरच लावावे.